रक्तांतल्या खुणा

१८४५ सालच्या नोव्हेंबर महिन्याची पहिली तारीख, वार शनिवार. लंडन येथील सेंट जॉर्जेस हॉस्पिटलांत काम करणाऱ्या आणि रसायनशास्त्रांत चांगली गति असलेल्या हेन्री बेन्स जोन्स या एकतीस वर्षांच्या डॉक्टराकडे कांचेची एक नळी आली. नळींत एका रोग्याची लघवी होती आणि सोबत डॉ. टॉमस वॉटसन यांची चार ओळींची चिठ्ठी होती. ही लघवी उकळली असतां किंचित् गढूळ होते, नायट्रिक ॲसिड घातलें कीं निवळते, थंड होतांना थिजते आणि पुन्हां ऊन केली कीं पातळ होते, एवढें कळवून वॉटसन यांनीं शेवटीं एकच गोष्ट विचारली होती: हा पदार्थ कोणता?

रोगी पंचेचाळीस वर्षांचा किराणा मालाचा व्यापारी होता. आदल्या वर्षींच्या सप्टेंबरांत सहलीस गेला असतां एका भुयारांतून उडी मारून वर येतांना आपल्या छातींत कांहीं तरी तुटलें असें त्यास वाटलें, आणि तेव्हांपासून त्याचें हाडांचें दुखणें वाढतच गेलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें जळवा लावून झाल्या, रक्त काढून झालें, लोह आणि क्विनाइन देऊन झालें. त्याचे डॉक्टर विल्यम मॅकिंटायर हे मोठे बारकाईचे गृहस्थ. रोग्याच्या अंगावर सूज दिसली म्हणून त्यांनीं लघवी तापवून पाहिली, आणि तिचें हें चमत्कारिक वर्तन प्रथम त्यांच्याच नजरेस आलें. बेन्स जोन्स यांनीं मोजदाद केली तेव्हां निरोगी रक्तांत जितकें अल्ब्युमिन असावें तितकेंच हें अपरिचित द्रव्य त्या लघवींतून वाहून जात होतें. १८४६ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस रोगी वारला. शवपरीक्षेंत त्याच्या बरगड्या सुरीनें सहज कापल्या जाव्या इतक्या मऊ झालेल्या आढळल्या. हाडें मऊ होण्याचा असा विकार पुन्हां कोणास झालेला दिसल्यास त्याच्या लघवींत हें द्रव्य अवश्य शोधावें, असें बेन्स जोन्स यांनीं लिहून ठेवलें. मॅकिंटायर यांचा निबंध १८५० सालीं प्रसिद्ध झाला, तोंपर्यंत उशीर झाला होता. त्या द्रव्यास नांव मिळालें तें बेन्स जोन्स यांचें. ज्यानें प्रथम पाहिलें तो मागें राहावा हें इतिहासांत कांहीं नवें नाहीं.

श्रोतेहो, शरीरांत कर्करोग असतां रक्तांत किंवा लघवींत जीं विशिष्ट द्रव्यें वाढतात त्यांस हल्लीं डॉक्टर मंडळी ट्यूमर मार्कर म्हणतात. आपण त्यांस रोगाच्या खुणा म्हणूं. अशा खुणांपैकीं इतिहासास ठाऊक असलेली पहिली ती हीच. आज शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत दहापांच खुणांचीं नांवें एका कागदावर छापलेलीं असतात. डॉक्टर त्यांपैकीं हव्या त्या नांवावर रेघ ओढतो, आणि बहुधा त्याच दिवशीं आंकडा हातीं येतो. खासगी तपासणी केंद्रांत तर डॉक्टराच्या चिठ्ठीवांचूनहि, सणासुदीच्या सवलतींत, सबंध कुटुंबाच्या तथाकथित संपूर्ण तपासणींत या खुणा घातलेल्या आढळतात. मग घरीं कागद येतो, एखाद्या आंकड्यापुढें वर टोंक केलेला बाण छापलेला असतो, आणि त्या बाणानें घरांतल्या सर्वांची झोंप उडते. म्हणून या आंकड्यांची कुळकथा सांगण्याचें मीं योजिलें आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेंत इतिहास आणि गणित शिकविलेला मनुष्य आहें. परंतु या विषयांत दोहोंचेंहि काम पडतें.

बेन्स जोन्स यांच्या द्रव्याची हकीकत लवकर सांगून टाकतों. तें हाडांच्या मगजांतील एका कर्करोगाशीं, म्हणजे मायलोमाशीं, निगडित आहे हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांच्या ध्यानीं आलें. तें नक्की काय आहे हें मात्र १९६२ सालीं अमेरिकेंत एडेलमन आणि गॅली यांनीं दाखविलें. रोगजंतूंशीं झगडण्यासाठीं आपल्या मगजांतील पेशी जीं प्रतिद्रव्यें घडवितात त्यांचाच तो एक तुकडा. पेशी बेबंद झाल्या म्हणजे हे तुकडे भारंभार निपजतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. वॉटसन यांच्या चिठ्ठींतल्या प्रश्नाचें पुरें उत्तर मिळावयास ११७ वर्षें लागलीं. उत्तर उशिरां आलें, पण प्रश्न विचारणाऱ्यास आपण काय विचारतों आहों हें पक्कें ठाऊक होतें, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यानंतरची मोठी खूण कर्करोग शोधतांना सांपडली नाहीं. ती गर्भाच्या परीक्षेंतून सांपडली. बर्लिन येथें सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोघांनीं १९२७-२८ च्या सुमारास असें दाखविलें कीं गरोदर स्त्रीची लघवी वयांत न आलेल्या उंदरिणीस टोंचली असतां चारपांच दिवसांत तिच्या अंडाशयांत पालट दिसूं लागतात. वारेंतून स्रवणाऱ्या एका हॉर्मोनाचा हा परिणाम. त्यास आज एचसीजी म्हणतात. या हॉर्मोनाची दुसरी बाजूहि झोंडेक यांस लवकरच आढळली. वारेच्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगांत तें विपुल असतें, आणि वृषणाच्या कांहीं कर्करोगांत तर तें पुरुषाच्याहि लघवींत येतें. पुढें हिटलरच्या राजवटींत दोघांसहि, ज्यू म्हणून, जर्मनी सोडावी लागली. त्यांची परीक्षा मात्र जगभर चालू राहिली आणि हजारों उंदरिणी तिच्या पायीं खर्ची पडल्या.

या हॉर्मोनाच्या इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं त्यापाशीं थोडें थांबलेंच पाहिजे. १९५६ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेंत मिन चिऊ ली नांवाचे, चीनमध्यें जन्मलेले एक तरुण डॉक्टर रॉय हर्ट्झ यांच्या हाताखालीं काम करीत होते. वारेच्या कर्करोगाचें विष फुप्फुसांत पसरलेल्या स्त्रिया तेथें येत. असा रोग तोंपर्यंत प्राणघातकच समजला जाई. ली यांनीं मेथोट्रेक्झेट हें औषध त्यांस देऊन पाहिलें, आणि छातीच्या क्ष-किरण चित्रांतील गांठी पार नाहींशा झाल्या. घट्ट अर्बुदावर केवळ औषधानें असा जय मिळाल्याचें त्यापूर्वीं कोणी पाहिलें नव्हतें. आतां उपचार थांबवावा असें वरिष्ठांस वाटणें साहजिक होतें. ली मात्र लघवींतील हॉर्मोनाचा आंकडा पाहत होते. गांठी दिसेनात, रोगी हिंडूंफिरूं लागली, तरी तो आंकडा शून्यावर येत नव्हता. थोडासा उरतच होता. तो उरला आहे त्या अर्थीं रोगहि उरला आहे असा तर्क करून त्यांनीं औषध चालूच ठेवलें. औषध विषारी होतें, त्यापासून त्रास होत होता, आणि डोळ्यांस रोग दिसत नसतां केवळ एका आंकड्यावर बाण मारीत जाणें म्हणजे माणसांवर प्रयोग करणें होय असें संस्थेच्या चालकांचें मत झालें. ली यांस संस्था सोडावी लागली. परंतु पुढें हिशेब पाहतां असें आढळून आलें कीं ज्यांचा उपचार गांठी दिसेनाशा होतांच थांबविला त्यांचा रोग कांहीं काळानें उलटला, आणि ज्यांचा आंकडा शून्यावर येईपर्यंत उपचार चालला त्या बऱ्या झाल्या. १९७२ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक ज्यांस मिळालें त्यांत ली आणि हर्ट्झ या दोघांचींहि नांवें होतीं.

या हकीकतींत दोन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. रोग कोणता हें आधींच ठाऊक होतें. आणि आंकड्यावरून काय ठरवावयाचें, म्हणजे औषध चालू ठेवावें कीं थांबवावें, हेंहि ठरलेलें होतें. या दोन गोष्टी जेथें होत्या तेथें या खुणांनीं माणसें वांचविलीं. जेथें त्या नव्हत्या तेथें काय झालें तें आतां पाहूं.

उंदरिणीवर चालणारी परीक्षा रोज शेंकडों रोग्यांसाठीं करतां येण्यासारखी नव्हती. ती अडचण न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सॉलोमन बर्सन आणि रोझालिन यॅलो यांनीं दूर केली. १९५९-६० च्या सुमारास रक्तांतील इन्शुलिन मोजण्यासाठीं त्यांनीं एक युक्ति काढली. वर्गांत बांकें मोजकीं असावीं, त्यांवर ओळखीचीं कांहीं मुलें आधीं बसवावीं, आणि मग बाहेरून किती मुलें आलीं हें कितींना उठावें लागलें यावरून ताडावें, तशी ही युक्ति आहे. बांकें म्हणजे प्रतिद्रव्य, आणि ओळखीचीं मुलें म्हणजे किरणोत्सर्गी खूण लावलेलें इन्शुलिन. या रीतीनें एका ग्रॅमाच्या अब्जाव्या भागाहूनहि कमी द्रव्य मोजतां येऊं लागलें. दोघांनीं या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. बर्सन १९७२ त वारले; यॅलो यांस १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मोजण्याचें साधन हातीं आल्यावर मोजावयाच्या वस्तूंस तोटा पडला नाहीं. मॉस्को येथें गारी आबेलेव्ह यांना १९६३ सालीं यकृताचें अर्बुद झालेल्या उंदरांच्या रक्तांत गर्भावस्थेंतलें एक प्रथिन सांपडलें, आणि पुढल्याच वर्षीं तातारिनोव्ह यांनीं तें यकृताच्या कर्करोगानें पीडित माणसांच्या रक्तांत दाखविलें. तेंच आजचें एएफपी. १९६५ सालीं कॅनडांतील माँट्रिऑल येथें फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनीं एक सुंदर प्रयोग केला. आंतड्याचा कर्करोग काढतांना आजूबाजूचें निरोगी आंतडेंहि थोडें कापावें लागतें. त्यांनीं एकाच माणसाचे हे दोन्ही तुकडे घेतले. कर्करोगाच्या तुकड्याविरुद्ध सशांत प्रतिद्रव्य उत्पन्न केलें, आणि निरोगी तुकड्याशीं जुळणारा त्याचा सर्व भाग वगळला. उरलें तें केवळ कर्करोगाशीं जुळणारें. हें द्रव्य गर्भाच्या आंतड्यांतहि असतें म्हणून त्याच्या नांवांत कर्करोग आणि गर्भ या दोहोंचाहि उल्लेख आला. व्यवहारांत त्यास सीईए म्हणतात.

१९६९ सालीं माँट्रिऑलच्याच मंडळींनीं तें रक्तांत मोजलें, आणि मोठ्या आंतड्याचा कर्करोग असलेल्या ३६ रोग्यांपैकीं ३५ जणांच्या रक्तांत तें आढळलें. या आंकड्यानें केवढी आशा निर्माण झाली असेल याची कल्पना करावी. दंडांतून रक्त काढावें आणि कर्करोग ओळखावा; चिरफाड नको, नळ्या घालणें नको! परंतु इतर ठिकाणीं अनुभव वेगळा आला. रोग प्रारंभावस्थेंत असतां सीईए पुष्कळदां वाढलेलें नसे, आणि विडीसिगारेट ओढणाऱ्यांत, यकृत सुकलेल्यांत, आंतड्याची जुनाट सूज असलेल्यांत तें कर्करोगावांचूनच वाढे. आरंभींच्या यादींतले रोगी बहुतेक रोग बळावलेले होते, हें त्या पस्तिसांचें मर्म. परीक्षेंत पहिल्या बांकावरच्या मुलांचेच पेपर तपासले तर शाळेचा निकाल उत्तम लागणारच. १९८० सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं तज्ज्ञांची परिषद् भरविली. निरोगी लोकांत कर्करोग हुडकण्यासाठीं सीईए वापरूं नये, ज्याचें आंतड्याचें अर्बुद काढलें आहे त्याच्यावर पुढें नजर ठेवण्यास तें उपयोगी आहे, असा तिचा अभिप्राय पडला. अभिप्राय स्पष्ट होता. तरी पुढल्या प्रत्येक नव्या खुणेच्या वेळीं तोच धडा नव्यानें गिरवावा लागला, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

१९७५ सालीं केंब्रिज येथें कोहलर आणि मिलस्टाइन यांनीं एकाच सांच्याचीं प्रतिद्रव्यें अमर्याद निपजविण्याची कला साधली, आणि नव्या खुणांचें पीकच आलें. बोस्टन येथें रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी अंडाशयाच्या कर्करोगाविरुद्ध प्रतिद्रव्य शोधीत होते; १९८१ सालीं जें हातीं लागलें तें त्यांच्या प्रयत्नांच्या मालिकेंतलें १२५ वें, म्हणून नांव सीए १२५. १९८३ च्या त्यांच्या निबंधांत ३५ ही मर्यादा घातलेली आहे. अंडाशयाचा कर्करोग असलेल्या १०१ स्त्रियांपैकीं ८३ जणींचा आंकडा मर्यादेच्या वर होता, आणि निरोगी माणसांत शेंकडा एकाचाच.

शेंकडा एक हें प्रमाण कोणासहि क्षुल्लक वाटेल. येथें गणिताच्या मास्तराला थोडें बोलूं द्यावें. पाळी थांबलेल्या स्त्रियांत कोणत्याहि एका वेळीं अडीच हजारांत साधारण एकीस हा रोग असतो असें धरतात. तेव्हां अशा दहा हजार स्त्रियांची परीक्षा केली तर रोग असलेल्या चार. त्यांपैकीं तिघींचा आंकडा वाढलेला निघेल, आणि रोग कोवळा असेल तर दोघींचाच. उरलेल्या ९,९९६ निरोगी स्त्रियांत शेंकडा एक म्हणजे शंभर. एकंदर १०३ कागदांवर बाण छापला जाईल आणि त्यांपैकीं शंभर घरांत तो बाण खोटा असेल. शिवाय पाळी चालू असलेल्या वयांत पाळीच्या दिवसांत, गरोदरपणांत आणि गर्भाशयाचें अस्तर भलत्या ठिकाणीं वाढण्याच्या विकारांत हा आंकडा वाढतो. आपल्या देशांत आणखी एक कारण आहे: पोटाचा क्षय. पोटांत पाणी झालें आहे, सीए १२५ वाढलेला आहे, म्हणून अंडाशयाचा कर्करोग धरून चालावें आणि शस्त्रक्रियेंत क्षय निघावा, असे दाखले आपल्याकडील वैद्यक नियतकालिकांत पुष्कळ आहेत. क्षय औषधांनीं बरा होतो.

एवढ्यावरहि कोणी म्हणेल कीं शंभर जणींस भीति वाटली तरी चालेल, तिघींचे प्राण वांचतील. हा प्रश्न ब्रिटनमध्यें कसोशीनें तपासला गेला. २००१ ते २००५ या काळांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांची त्यासाठीं नोंद झाली; कांहींची दर वर्षीं सीए १२५ ची परीक्षा झाली, कांहींची सोनोग्राफी झाली, निम्म्यांस नेहमींप्रमाणेंच राहूं दिलें. २०२१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. रक्तपरीक्षेच्या गटांत रोग लवकर सांपडण्याचें प्रमाण वाढलें होतें. अंडाशयाच्या कर्करोगानें होणारे मृत्यु मात्र कमी झाले नव्हते. त्याच्याहि आधीं, २०१० सालीं, दुसऱ्या एका ब्रिटिश प्रयोगाचा निकाल आला होता. उपचारानें रोग आटोक्यांत आलेल्या स्त्रियांत सीए १२५ वाढूं लागतांच, त्रास नसतांहि, औषध पुन्हां सुरू करण्यानें त्या अधिक जगल्या नाहींत. त्यांच्या वांट्यास औषधाचा जाच तेवढा कांहीं महिने लवकर आला. वारेच्या कर्करोगांत ली यांचा तर्क खरा ठरला, कारण तेथें उरलेला रोग औषधानें मुळासकट जात होता. अंडाशयाच्या उलटलेल्या रोगाची गोष्ट तशी नाहीं. एका खुणेचा न्याय दुसरीस लावतां येत नाहीं तो असा.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीची कथा तर यांहून वादग्रस्त आहे. १९३८ सालीं न्यूयॉर्क येथें गटमन पतिपत्नींनीं या ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरला असतां रक्तांत ॲसिड फॉस्फटेज वाढतें हें दाखविलें, आणि १९४१ सालीं शिकागोंत हगिन्स यांनीं पुरुषी हॉर्मोन तोडलें असतां तें उतरतें हें सिद्ध करून उपचारांची नवी वाट उघडली; त्यांस १९६६ त नोबेल मिळालें. पुढें १९७९ सालीं बफेलो येथें पीएसए हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. अमेरिकन सरकारनें १९८६ त त्यास मान्यता दिली ती आधींच कर्करोग असलेल्यांवर नजर ठेवण्यासाठीं. रोग हुडकण्यासाठीं मान्यता मिळाली १९९४ त. पण लोकांनीं तोंपर्यंत वाट पाहिली नव्हती. म्हातारपणीं ही ग्रंथि नुसती वाढली किंवा सुजली तरी पीएसए वाढतें, आणि कर्करोग असला तरी तो पुष्कळदां इतका मंद असतो कीं मनुष्य दुसऱ्याच कारणानें जातो. युरोपांतील मोठ्या प्रयोगाचा २००९ सालचा हिशेब असा होता कीं एक मृत्यु टाळण्यासाठीं १,४१० पुरुष तपासावे लागले आणि ४८ जणांवर अधिक उपचार करावे लागले. जसजशीं वर्षें लोटलीं तसतसा हा हिशेब अनुकूल होत गेला हेंहि सांगितलें पाहिजे. ज्यांनीं १९७० सालीं प्रोस्टेटमधील अशा द्रव्याविषयीं लिहिलें होतें त्या रिचर्ड ॲब्लिन यांनींच २०१० सालीं वृत्तपत्रांत लेख लिहून सरसकट पीएसए तपासण्यावर कडक टीका केली. अमेरिकेंतील प्रतिबंधक वैद्यकाच्या समितीनें २०१२ त ही तपासणी नको म्हटलें, आणि २०१८ त ५५ ते ६९ वयाच्या पुरुषानें डॉक्टराशीं बोलून स्वतः ठरवावें असें सुधारलें. मला ही सुधारणा शहाणपणाची वाटते, जरी ती पुष्कळांस मुळमुळीत वाटली.

असो. आतां जाणतें रुग्णालय या परीक्षा कशा मागवितें तें सांगतों. वृषणाच्या कर्करोगाचें उदाहरण घेऊं. शस्त्रक्रियेच्या आधीं रक्त घेऊन एएफपी, एचसीजी मोजतात. समजा, एएफपी ८०० निघालें. मूळ काढून टाकल्यावर हें प्रथिन पांच ते सात दिवसांत निम्मे होतें, म्हणजे भूमितिश्रेढी. आठवड्याचा हिशेब धरला तर ४००, २००, १००, ५०, २५, साडेबारा, आणि सातव्या आठवड्यांत दहाच्या आंत. आंकडा या उतरंडीनें उतरला तर ठीक. तो १०० वर अडला किंवा पुन्हां चढूं लागला, तर छायाचित्रांत कांहीं दिसो वा न दिसो, रोग कोठें तरी उरला आहे असें समजून औषध देतात. आणि हा रोग पसरलेला असतांहि बहुधा बरा होतो. येथें एकट्या आंकड्यास किंमत नाहीं, उतरंडीस आहे. म्हणूनच एकाच प्रयोगशाळेंत एकाच पद्धतीनें मोजावें असा आग्रह असतो; दोन दुकानांचे तराजू वेगळे असतात. आंतड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीं सीईए, आणि नंतर पांच वर्षेंपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनीं, हाहि त्यांतलाच प्रकार. पण तो कोणासाठीं? रोग उलटल्यास पुढील उपचार सोसण्याची ज्याची ताकद आहे त्याच्यासाठीं.

मुंबईंत परळला अणुशक्ति खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून टाटा स्मारक रुग्णालयाच्या शेजारीं आहे. थायरॉइडचा कर्करोग झालेल्यांस किरणोत्सर्गी आयोडीन देण्याचें मोठें काम तेथें चालतें. अशा रोग्याची सबंध थायरॉइड ग्रंथि काढून झाली, उरलेसुरले कण आयोडीनानें जळले, कीं थायरोग्लोब्युलिन हें द्रव्य निर्माण करणारें शरीरांत कांहीं उरत नाहीं. मग तें रक्तांत दिसलें तर त्याचा अर्थ लावावयास पंडित लागत नाहीं. तेंच द्रव्य ग्रंथि जागेवर असतांना मोजलें तर कर्करोग आहे कीं नाहीं हें त्यावरून कळत नाहीं, कारण निरोगी ग्रंथीहि तें स्रवते. परीक्षा तीच, केव्हां केली यावर तिचा अर्थ.

आणि चुकीच्या रीतीनेंहि परीक्षा मागविल्या जातात. यकृतांत गांठ दिसली, मूळ कोठें आहे कळेना, तर कागदावरच्या झाडून सर्व खुणांवर रेघ ओढण्याचा मोह डॉक्टरास होतो. सीए १९-९ ही खूण स्वादुपिंडाच्या कर्करोगाची म्हणून प्रसिद्ध. पण पित्ताची वाट तुंबून कावीळ झाली असतां ती खड्यानेंहि वाढते, आणि शेंकडा पांच ते दहा लोकांच्या रक्ताची जातच अशी असते कीं त्यांस तें द्रव्य करतांच येत नाहीं. त्यांचा आंकडा कर्करोगांतहि शून्याजवळ राहतो. विलायतेंतील कांहीं रुग्णालयांनीं आपल्याच मागण्यांची छाननी केली तेव्हां पुरुषांच्या नमुन्यांवर सीए १२५ मागविल्याचीं उदाहरणेंहि निघालीं. याउलट ब्रिटनमधील २०११ सालचा नियम पाहावा: पन्नाशी उलटलेल्या स्त्रीचें पोट वारंवार फुगतें, थोडें खाल्लें कीं भरल्यासारखें वाटतें, ओटीपोट दुखतें, तर घरच्या डॉक्टरानें सीए १२५ पाहावा, ३५ किंवा अधिक असल्यास सोनोग्राफी करावी. परीक्षा तीच, परंतु तक्रार आधीं आणि रक्त मागून. मागणीच्या कागदावर रोग्याची हकीकत लिहिण्यासाठीं एक कोरी ओळ असते. ती ओळ पुष्कळदां कोरीच खालीं येते, ही प्रयोगशाळेंतल्या मंडळींची जुनी तक्रार आहे.

शेवटीं पुन्हां एचसीजीकडे येतों, कारण ज्या हॉर्मोनानें ली यांचे रोगी वांचविले त्याच्याच नांवावर एक मोठा अनर्थहि जमा आहे. १९७२ सालीं व्हायटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एचसीजी रक्तांत अचूक मोजण्याची रीत बसविली, आणि उंदरिणींची कायमची सुटका झाली. पुढें २००० सालीं लॅन्सेट या पत्रांत रोटमेन्श आणि कोल यांनीं बारा स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तांत एचसीजी वारंवार आढळत होतें. मूल नव्हतें, गांठ कोठेंच दिसत नव्हती, तरी आंकडा आहे त्या अर्थीं कर्करोग असलाच पाहिजे असें ठरवून त्यांपैकीं बहुतेकींवर विषारी औषधांचा किंवा शस्त्रक्रियेचा प्रयोग झाला. आंकडा हटेना. हटणार कसा? त्यांच्या रक्तांत एचसीजी मुळीं नव्हतेंच. कांहीं माणसांच्या रक्तांत इतर प्राण्यांच्या प्रतिद्रव्यांस चिकटणारीं द्रव्यें असतात. परीक्षेंतलीं प्रतिद्रव्यें प्राण्यांपासूनच केलेलीं, म्हणून तीं एकमेकांस चिकटून यंत्रास फसवीत होतीं. ही फसगत ओळखण्याची रीत अगदीं सोपी निघाली. तीं चिकटणारीं द्रव्यें आकारानें मोठीं असल्यामुळें मूत्रपिंडांतून गळून लघवींत उतरत नाहींत. खरें एचसीजी उतरतें. २००२ सालीं अमेरिकेंतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयानें याविषयीं सूचनापत्र काढलें. तेव्हांपासून रक्तांतला आंकडा रोग्याच्या स्थितीशीं जुळेनासा झाला, तर औषधास हात घालण्यापूर्वीं लघवीची एक नळी भरून तपासणीस पाठवितात.